अधांतरीचा षड्ज

एमआय-८ या हेलिकॉप्टरच्या कॉकपिटमध्ये, समोरच्या काचेच्या चौकटीजवळ, एक लहानसा पंखा बसवलेला असतो. एसटीच्या एखाद्या हौशी ड्रायव्हरने स्टिअरिंगपाशी लावून घ्यावा तसा. तळहातापेक्षा थोडा मोठा, कसलीही ऐट नसलेला. हेलिकॉप्टरच्या उडण्याशी त्याचा काही संबंध नाही. तो बंद असला तरी यंत्र वर जाते, चालू असला म्हणून ते अधिक चांगले उडत नाही. तरीही ‘डीसीएस वर्ल्ड’ या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये हे हेलिकॉप्टर घडवणाऱ्या कारागिरांनी तो पंखा केला; नुसता चित्रात रंगवून ठेवला नाही, त्याला बटण दिले, आणि बटण दाबले की त्याची पाती फिरू लागतात. पडद्यातून वारा येत नाही हे खरे; पण खंडाळ्यातल्या एप्रिलच्या दुपारी, खंबाटकीचा डोंगर उन्हाने पांढरा पडलेला असताना, खिडकी लोटून मी संगणकापुढे बसतो आणि उड्डाणाच्या साऱ्या सोपस्कारांआधी तो पंखा लावतो, तेव्हा कपाळाला काहीतरी गार टेकल्यासारखे वाटते.

या साऱ्या निर्मितीची किल्ली मला त्या पंख्यात सापडते. यंत्राची नुसती नक्कल करायची असती तर इंजिन, पाती, इंधन आणि वेग यांचे गणित मांडून काम भागले असते. पण पंखा ज्याच्या मनात आला त्याच्या मनात आधी वैमानिकाचा घाम आला असला पाहिजे. त्या आसनावर कुणी माणूस तासन्‌तास बसतो, त्याला उकडते, त्याची पाठ आखडते, आणि तरी हातातले यंत्र त्याने हलू द्यायचे नसते, हे त्या कारागिराने पाहिले असले पाहिजे. आता आपण जरा थांबून त्या कॉकपिटचा रंगही पाहू. रशियन विमानांच्या आतल्या भिंतींना वर्षानुवर्षे जो एक निळसर हिरवा रंग दिला गेला, तोच इथे आहे. मोरपिसाच्या कडेला असतो तसा, थोडा दुधाळ. त्या रंगावर घड्याळांच्या काळ्या तबकड्या अशा उमटतात, जशी विहिरीच्या हिरव्या पाण्यावर टपोरी जांभळे तरंगावीत. बटणांच्या कडा बोटांच्या वावराने झिजलेल्या, पत्र्यावर कुठे कुठे ओरखडे. म्हणजे आपल्या हाती येते ते नवे कोरे यंत्र नव्हे. आपल्या आधी अनेकांनी हाताळलेले, अनेकांना सुखरूप परत आणलेले असे ते यंत्र आहे.

हे हेलिकॉप्टर पहिल्यांदा उडाले १९६१ साली. मिखाईल मिल यांच्या संस्थेत त्याची आखणी झाली, आणि जगात सर्वाधिक संख्येने बनलेल्या हेलिकॉप्टरांत आज त्याची गणना होते. आपल्या हवाई दलातली एमआय-१७ याच कुळातली. बेलसिमटेक नावाच्या चमूने ते सिम्युलेटरात आणले २०१३ च्या सुमारास, आणि नाव दिले ‘मॅग्निफिसंट एट’. लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरांची परंपरा त्याआधीची आहे. १९९८ च्या डिसेंबरात आलेल्या ‘फाल्कन ४.०’ बरोबर जी जाडजूड पुस्तिका मिळायची, ती एका पिढीने पाठ्यपुस्तकासारखी वेडाने वाचली होती. पण त्या परंपरेत वेग हा स्थायीभाव. ध्वनीच्या पुढे धावणारी विमाने, ढगांच्या वर उगवणारा सूर्य, क्षणात सुटणारे क्षेपणास्त्र. हेलिकॉप्टर त्या मैफलीत आले आणि त्याने एकच उलटी गोष्ट मागितली: जागचे हलू नका.

तिथे पोचण्याआधी इंजिन सुरू होण्याचा सोहळा पाहायलाच हवा, कारण तो ज्याने एकदा मन लावून ऐकला त्याला पुढचे सगळे आपोआप कळत जाते. बॅटरीची बटणे वर होतात, तबकड्यांचे काटे झोपेतून दचकावेत तसे एकदा थरथरतात. मग पाठीमागे कुठेतरी एक बारीक, चिरका सूर उमटतो. ते मुख्य इंजिन नव्हे, मुख्य इंजिनांना हवेचा पहिला श्वास देणारे छोटे इंजिन. तो सूर टिपेला पोचला की एक मोठे इंजिन जागे होते, त्याच्या पाठोपाठ दुसरे. आणि या सगळ्या वेळात आपली नजर वर असते, कारण तिथे पाच पाती आपल्याच वजनाने वाकून, शिणलेल्या हातांसारखी खाली लोंबत असतात. सव्वाएकवीस मीटरच्या जवळपास व्यास असलेले ते चक्र पहिल्यांदा इतके सावकाश हलते की एकेक पाते मोजता यावे. सावली काचेवरून सरकते, जाते, पुन्हा येते. मग सावल्यांमधले अंतर कमी होत जाते, यंत्र आपल्या चाकांवर बैलगाडीसारखे डुलू लागते, आणि लोंबणारी पाती हळूहळू ताठ होत, सरळ रेषेच्याही किंचित वर उचलली जातात. ज्या क्षणी डुलणे थांबून त्याची सलग थरथर होते, तो क्षण मला तंबोरा जुळल्याच्या क्षणासारखा वाटतो. चार तारा चार बाजूंनी ओढत होत्या, त्या एकाएकी एकाच नादात मिसळतात आणि खोली भरून जाते.

त्या नादाचे गणितही सुरेख आहे. एमआय-८ चे मुख्य चक्र मिनिटाला सुमारे १९२ फेरे घेते; म्हणजे सेकंदाला तीन फेऱ्यांहून किंचित अधिक. पाती पाच. तेव्हा दर सेकंदाला सोळा वेळा एक पाते डोक्यावरून हवा कापत जाते. सोळा! त्रितालाचे एक अख्खे आवर्तन एका सेकंदात. हा योगायोग आहे, त्यात काही गूढ नाही हे मी जाणतो. पण एकदा तो ध्यानात आला की कानाला त्या धडधडीत सम ऐकू येऊ लागते, आणि मग इंजिनवर ताण आला, चक्राचा वेग दोन फेऱ्यांनी जरी उतरला, तरी तबकडीकडे न पाहता कळते की लय ढळली.

आता आपण वर जाऊ. फार नव्हे, जमिनीपासून दोन पुरुष उंच.

डाव्या हातात वर-खाली होणारी दांडी, उजव्या हातात पुढे-मागे-बाजूला झुकणारी दांडी, पायांखाली दोन पायडल. डावा हात किंचित उचलला की पाती हवेला अधिक तिरपी भिडतात आणि यंत्र हलके होते. पण पात्यांना फिरवायला लागणारा जोर वाढला, म्हणून खालचे धड उलट्या दिशेने वळू पाहते. एमआय-८ चे चक्र वरून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते, तेव्हा नाक डावीकडे जाते. ते थोपवायला उजवे पायडल. त्याने शेपटीचा पंखा जोर करतो आणि नाक सावरते, पण त्याच जोराने सगळे यंत्र डावीकडे सरकू लागते. ते थोपवायला उजवा हात उजवीकडे. त्याने चक्र कलले, उचलण्याची शक्ती थोडी वाटली गेली, यंत्र बोटभर खाली आले. म्हणून पुन्हा डावा हात. एकाला स्पर्श केला की तिघे जागे होतात, आणि तिघांना शांत करायला पुन्हा पहिल्याकडेच यावे लागते. यात कुठेही शेवट नाही. स्थिर राहणे ही इथे एकदा साधून ठेवून देण्याची वस्तू नाहीच. ती क्षणाक्षणाला नव्याने करावी लागते.

आणि या स्थिरतेचे रूप पाहा. आपली सहज समजूत अशी की स्थिर म्हणजे सरळ. पण एमआय-८ हवेत थांबते तेव्हा ते किंचित उजवीकडे कललेले असते आणि नाक जरा वर असते. शेपटीच्या पंख्याची डावीकडची ओढ सतत आहे, तेव्हा तिला तोलणारा उजवा कलही सतत हवा. खाली उतरतानाही म्हणून उजवे चाक आधी टेकते, मग डावे. सिम्युलेटर घडवणाऱ्यांनी हा कल जपला आहे, आणि तो पहिल्यांदा माझ्या लक्षात आला तेव्हा मला बासरी धरून उभ्या असलेल्या कृष्णाचा त्रिभंग आठवला. मान एकीकडे, कटी दुसरीकडे, पाय तिसरीकडे. आणि तरी, किंबहुना त्यामुळेच, ती मूर्ती पडेल असे आपल्याला कधीही वाटत नाही.

खंडाळ्याहून लोणंदकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, ज्वारी निघाल्यावरच्या मोकळ्या रानांवर, कापशी घार हीच कसरत करताना दिसते. पांढरट राखी अंग, खांद्यावर काळा डाग, लाल डोळे. ती वाऱ्याकडे तोंड करून हवेत थांबते. पंख फडफडत असतात, शेपटी पंख्यासारखी उघडते-मिटते, पाय लोंबतात, आणि या साऱ्या धांदलीच्या मधोमध तिचे डोके जणू एखाद्या अदृश्य खुंटीला अडकवलेले असते. उंदीर पाहायचा तर डोळा हलता कामा नये. डोळा हलू नये म्हणून बाकीचे सगळे शरीर हलत राहते. हवेत थांबायला शिकताना मी पुस्तके वाचली, पुष्कळ वाचली, पण कापशीच्या मानेने मला जे एका संध्याकाळी शिकवले ते कुठल्या पानावर नव्हते.

संगणकाच्या नव्या भागांची गोष्ट इथे येते, आणि ती मला मनापासून सांगायची आहे, कारण या छंदातला तो भाग बाहेरच्यांना निव्वळ खर्चाचा वाटतो. माझा पहिला संगणक हे सिम्युलेटर जेमतेम चालवायचा. मग एकेक वर्ष, एकेक भाग. जुनी हार्ड डिस्क जाऊन एसएसडी आली, तेव्हा डोंगर-दऱ्या उभ्या राहण्याआधीची प्रतीक्षा संपली. आठ जीबीची रॅम बत्तीसवर गेली, तेव्हा गावांवरून जाताना चित्र अडखळायचे ते थांबले. घाटाखालच्या गावात महामार्गाची धूळ कुठेही शिरते, म्हणून दर दोन महिन्यांनी डबा उघडून ब्लोअर मारायचा. वीज जाते-येते, म्हणून यूपीएस. शेवटी, दोन दिवाळ्यांची बचत घालून, पुण्याहून ग्राफिक्स कार्ड आणले. एसटीत ते खोके मी मांडीवर धरून बसलो होतो.

मला वाटले होते की आता झाडांची पाने दिसतील, नदीत ढग उतरतील, सिम्युलेटरातल्या कॉकेशसच्या शिखरांवरचा बर्फ चमकेल. ते सगळे दिसले आणि सुंदर दिसले. पण जे मिळाले ते त्याहून वेगळे आणि अनपेक्षित होते. त्या रात्री मी हेलिकॉप्टर दोन पुरुष उंच उचलले, आणि ते थांबले.

असे का व्हावे, याचा मी पुढे बरेच दिवस विचार केला. जुना संगणक सेकंदाला वीसेक चित्रे दाखवायचा. म्हणजे दोन चित्रांमध्ये पन्नास मिलिसेकंद. एवढ्या वेळात यंत्र थोडे घसरलेले असायचे, ते मला उशिरा दिसायचे, माझा हात त्याहून उशिरा जायचा, आणि तो पोचेपर्यंत घसरण्याची दिशाच बदललेली असायची. मग माझी दुरुस्तीच चुकीत भर घालायची. झोपाळ्याला थांबवायला जावे आणि नेमक्या उलट क्षणी हात लागून त्याचा झोका आणखी वाढावा, तसे. मी समजत होतो की माझा हात जड आहे. नव्या कार्डाने चित्रे साठवर नेली, दोन चित्रांमधले अंतर सतरा मिलिसेकंदांच्या आत आले, आणि जी घसरण मला एक वीत झाल्यावर दिसायची ती एक बोट असतानाच दिसू लागली. एक बोट सावरायला केवढासा हात लागतो? मनगटही नाही, दांडीवर विसावलेल्या दोन बोटांचा दाब कमी-जास्त व्हावा, एवढेच. संगणक वेगवान झाला आणि माझा हात सावकाश झाला. या छंदातल्या सगळ्या आनंदांत हा आनंद मला सर्वांत सूक्ष्म वाटतो: पैसे मोजून मी दृश्य आणले असे मला वाटत होते, प्रत्यक्षात मी हात आणि डोळा यांच्यामधले अंतर कमी करून आणले होते.

गायक पहाटे षड्ज लावून बसतो तेव्हा ऐकणाऱ्याला एक अखंड, निश्चल सूर ऐकू येतो. पण गळ्याच्या आत काय चाललेले असते? श्वास कमी होतो आहे, दाब बदलतो आहे, सूर केसभर उतरू पाहतो, कान ते टिपतो, गळा सावरतो. हे इतक्या लवकर आणि इतक्या बारीक मापाने की ऐकणाऱ्यापर्यंत फक्त स्थैर्य पोचते. कान जितका तीक्ष्ण, तितकी दुरुस्ती लहान. दुरुस्ती जितकी लहान, तितका सूर निवांत. मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावणारा कारागीर पाहिला तर आपल्याला हेच दिसते. तो दोरा हलवतो, ऐकतो, केसभर मागे घेतो, पुन्हा ऐकतो.

मिरजेचे नाव इथे केवळ उपमेसाठी आले नाही. उडायला शिकवणाऱ्या सिम्युलेटरांच्या घडणीत एका वाद्यांच्या कारखान्याचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी, एडविन लिंक याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. १९२९ साली लिंकने जमिनीवर बसून उडायला शिकवणारा एक लाकडी डबा तयार केला. आखूड पंखांचा, आत एक आसन, पुढे दांडी. दांडी हलवली की डबा कलायचा, उठायचा, वळायचा. कशाने? ऑर्गनच्या भात्यांनी. ज्या भात्यांच्या हवेवर सूर निघायचे, तशाच भात्यांत हवा भरून-उपसून लिंकने विमानाचा डोल निर्माण केला. पहिल्यांदा लोकांनी तो जत्रेतल्या पाळण्यासारखा पाहिला. पण १९३४ साली अमेरिकी सैन्याकडे टपाल वाहून नेण्याचे काम आले, धुक्यात आणि हिमवादळात वैमानिक मरू लागले, आणि मग त्या डब्याची किंमत कळली. सैन्याने त्याच वर्षी सहा डबे घेतले. दुसऱ्या महायुद्धात अशा दहा हजारांहून अधिक डब्यांवर लाखो वैमानिक घडले. हार्मोनियमचा भाता हलवणारा डावा हात ज्याने पाहिला आहे, त्याला लिंकचा डबा मनातल्या मनात चालताना दिसेल.

आणि मिरजेत नेमका उलटा प्रवास झाला होता. तिथले तंबोरे आणि सतारी बनवणारी घराणी मूळची शिकलगारांची, तलवारींना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात तलवारींचे काम सरले, तेव्हा त्या हातांनी भोपळा, लाकूड आणि तार जवळ केली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. एका गावात वाद्याचा भाता युद्धाच्या तयारीला गेला, दुसऱ्या गावात युद्धाचा हात वाद्याकडे आला. दोन्ही ठिकाणी कसब मात्र एकच राहिले: फार थोडे हलवायचे आणि फार नीट ऐकायचे.

हे लढाऊ सिम्युलेटर आहे, हे विसरून चालणार नाही. एमआय-८ च्या दोन्ही बाजूंना अग्निबाणांच्या नळ्या लागतात. त्या अग्निबाणांना सुटल्यावर कुणी वळवू शकत नाही. नेम धरायचा म्हणजे अख्खे हेलिकॉप्टर नेमाच्या रेषेत धरायचे. तेव्हा हवेत थांबताना शिकलेली ती दोन बोटांची नजाकत इथे तशीच लागते, फक्त आता समोर डोंगर अंगावर येत असतो. मी ही उड्डाणे कमी करतो. करतो तेव्हा मला १९९९ ची २८ मे आठवते. त्या दिवशी कारगिलच्या तोलोलिंगवर हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरे असेच अग्निबाण घेऊन गेली होती, आणि त्यांतले एक खांद्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने पाडले. आतले चौघेही गेले. पडद्यावर मी पडलो तर एक बटण दाबून पुन्हा धावपट्टीवर उभा राहतो. ते बटण दाबण्याआधी मी थोडा वेळ हात मांडीवर ठेवून बसतो.

या यंत्राची एक फसवी जागाही आहे. सरळ खाली, घाईने उतरू लागलो तर हेलिकॉप्टर आपणच खाली ढकललेल्या हवेत शिरते. ती हवा पात्यांच्या टोकांभोवती वळसे घेऊ लागते, आधार हरवतो, आणि डावा हात वर ओढावा तितके यंत्र अधिकच बुडते. हाताची सहज प्रवृत्ती इथे घात करते. नेहमीची सुटका वर नव्हे तर पुढे: नाक खाली घालून त्या भोवऱ्यातून बाहेर, ताज्या हवेत जायचे.

पण इंजिनच थांबले तर? चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. त्यांना कुणी फिरवत नाही, वारा फिरवतो. इंजिन गेल्यावर वैमानिक डावा हात पार खाली नेतो, पाती सपाट होतात, आणि पडण्याचा वाराच खालून वर येऊन त्यांना फिरवत ठेवतो. हेलिकॉप्टर पवनचक्की होते. जमीन जवळ आली की त्या फिरण्यात साठलेला जोर एकदाच, अखेरचा, डावा हात उचलून वापरायचा आणि अलगद टेकायचे. १९७२ च्या २१ जूनला फ्रान्समध्ये झां बुले हा वैमानिक लामा हेलिकॉप्टर घेऊन १२,४४२ मीटरवर गेला. उंचीचा तो विक्रम करून परतताना त्याचे इंजिन विझले, आणि बारा किलोमीटर खाली तो असाच, वाऱ्याच्या जोरावर फिरणाऱ्या पात्यांवर उतरला. आपले चीता हेलिकॉप्टर म्हणजे याच लामाचे भारतात बनलेले रूप. सियाचिनच्या चौक्यांना ते वर्षानुवर्षे औषध आणि टपाल पोचवत आले.

चीता आणि चेतक ही हेलिकॉप्टरे शिकवणारी शाळा आपल्याच राज्यात आहे. नाशिक रोडला, गांधीनगरच्या धावपट्टीवर, २००३ पासून भूदलाच्या वैमानिकांना हेलिकॉप्टरे शिकवली जातात. देवळालीच्या तोफखान्याची परंपरा शेजारीच. तोफांच्या माऱ्यावर आकाशातून नजर ठेवणाऱ्या वैमानिकांतूनच १९८६ च्या १ नोव्हेंबरला आर्मी एव्हिएशन कोअर जन्मली. साताऱ्यात देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली निघाली, तेव्हा आमच्या भागातल्या पोरांना ही वाट नवी नाही. तालुक्यातलाच एक तरुण त्या वाटेने गेला. गेल्या उन्हाळ्यात सुट्टीवर आला असताना तो माझ्याकडे चहाला आला आणि पडद्यासमोर बराच वेळ नुसता उभा राहिला.

“पंखा पण लावलाय की काका यात,” तो म्हणाला.

मी त्याला दांडी दिली. त्याने खुर्ची मागे सरकवली, उजवे कोपर मांडीवर टेकवले, दोन बोटांत दांडी धरली. डावा हात उचलला तसा त्याचा उजवा पाय आपोआप पुढे गेला. चेतकचे चक्रही याच दिशेने फिरते. यंत्र उठले, थोडे डुलले, थांबले. मी विचारले, खरे आणि हे यात फरक काय? तो लगेच बोलला नाही. मग म्हणाला की खऱ्यात घसरण आधी बुडाला कळते, खुर्चीतून, डोळ्याला नंतर. इथे खुर्ची मुकी आहे, सगळे डोळ्यावर. शिवाय रॉकेलसारखा वास, कानात बसलेला दाब, शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाचा श्वास. “आणि काका, तिथं सगळं एकदम देत नाहीत हातात,” तो म्हणाला. “आधी नुसतं पायडल. बाकीचं सर धरतात. ते जमलं की डावा हात. दांडी सगळ्यात शेवटी.”

“मग मला तसं शिकव,” मी म्हणालो.

त्याने खुर्ची आणून शेजारी लावली. पायडल माझ्याकडे, दोन्ही दांड्या त्याच्याकडे. खालची धावपट्टीची पांढरी रेघ मी टक लावून पाहत होतो, आणि नाक काही केल्या एका जागी राहीना. “तिथं नका बघू. लांब बघा, त्या डोंगराकडं,” तो म्हणाला. मी कॉकेशसच्या शिखराकडे पाहिले. पाय हलके झाले. काही वेळाने त्याने न बोलता डावी दांडी माझ्या हाताखाली सरकवली. उंची जराशी ढळली, सावरली. बाहेर घाटात ट्रक गिअर बदलत चढत होते. मग तो म्हणाला, “घ्या,” आणि उजवा हात काढून घेतला, पण फार लांब नेला नाही. माझ्या मनगटाशेजारी, स्पर्श होणार नाही इतक्या जवळ, तळवा उघडा ठेवून धरला. मी डोंगराकडेच पाहत होतो. कडेला कुठेतरी तो लहानसा पंखा फिरत होता. किती वेळ गेला ते मी मोजले नाही. शेजारच्या त्या हाताकडे पाहायची मला गरज पडली नाही, आणि जेव्हा पाहिले तेव्हा तो त्याच्या मांडीवर, चहाच्या कपाभोवती होता.